चाक मोठं, हवा कमी

मॅक्लॅरेन एफ वन या गाडीने ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणीमार्गावर ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावर चालवायला मिळणारी ती त्या काळातली जगातली सर्वांत वेगवान गाडी होती. तिच्या चाकांची रिम होती १७ इंची. आज भिलाईच्या जुनवानी भागात कॉलेजांच्या फाटकांबाहेर उभ्या असलेल्या क्रेटाच्या वरच्या मॉडेललाही १७ इंची रिमच असते. आणि जीई रोडवरच्या टायरच्या दुकानांत तरुण मुलं विचारत असतात, "भैया, इसमें अठारह बैठेगा क्या?"

३८६ किलोमीटर वेगाला १७ इंच पुरले, तर मोठ्या रिमने नेमकं मिळतं काय? जे मिळतं ते कशाच्या बदल्यात? मोठी रिम दिसायला देखणी असते हे मला मान्य आहे. चाकाच्या वरची कमान भरून आली की साधी गाडीही रुबाबदार दिसते. पण रस्त्याला टेकणारा गाडीचा एकमेव भाग म्हणजे चाक, त्यामुळे तिथला प्रत्येक बदल स्टेअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे पोहोचतो. तो कसा पोहोचतो हे समजून घेतलं, तर दुकानात योग्य प्रश्न विचारता येतात.

रिम वाढते, चाक वाढत नाही

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस ही दिसायला घरगुती सेदान, पण चालीने स्पोर्ट्स कार. २०१७ साली तिचं २३० अश्वशक्तीचं मॉडेल भारतात आलं. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा इथल्या कारखान्यात ते जोडलं जायचं. त्याला २२५/४५ आर १७ मापाचे टायर होते. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीचं मॉडेल आलं. ते थेट परदेशातून आयात होऊन आलं आणि फक्त २०० गाड्या विकल्या गेल्या. त्याला २२५/४० आर १८. म्हणजे कंपनीनेच रिम एका इंचाने वाढवली.

आता बेरीज करून पाहा. पहिल्या टायरची रुंदी २२५ मि.मी. त्याच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मि.मी. ही रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची. टायरच्या या उभ्या बाजूला साइडवॉल म्हणतात. ती वर एकदा आणि खाली एकदा मोजायची, म्हणजे २०२ मि.मी. १७ इंची रिम म्हणजे ४३२ मि.मी. एकूण व्यास ६३४ मि.मी.

दुसऱ्या टायरची साइडवॉल २२५ च्या ४० टक्के, म्हणजे ९० मि.मी. दोन्हीकडची मिळून १८०. रिम ४५७. एकूण ६३७ मि.मी.

चाकाच्या पूर्ण उंचीत फरक पडला फक्त ३ मि.मी.चा. रिम २५ मि.मी.ने मोठी झाली, आणि ती जागा तिने जवळपास सगळीच्या सगळी टायरकडून घेतली. कारखान्यात असं मोजूनमापून करण्याचं कारण वेगमापकात आहे. तुमची गाडी किती वेगाने चालली आहे हे काट्याला थेट कळत नाही. चाक किती वेळा फिरलं एवढंच त्याला कळतं. ६३४ मि.मी. व्यासाचं चाक एका फेरीत साधारण दोन मीटर पुढे जातं, म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या आसपास फेऱ्या. हा हिशेब गाडीच्या यंत्रणेत पक्का बसवलेला असतो. तुम्ही चाक बदललंत तरी तो बदलत नाही.

२०५/५५ आर १६ च्या जागी कुणी हौसेने २२५/५५ आर १७ बसवले तर? व्यास ६३२ वरून ६७९ मि.मी.वर जातो, म्हणजे साडेसात टक्के वाढ. चाकाचा घेर वाढला, म्हणून काटा १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी १०७ किलोमीटरने पळत असते. (कंपन्या काटा मुळात थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे खरा फरक जरा कमी भरेल. पण त्या राखीव जागेवर आपण हात टाकू नये.) किलोमीटरची नोंदही कमी होते. दहा हजार दिसले, तर गाडी पावणेअकरा हजार चाललेली असते. "टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं" अशी तक्रार अनेकांच्या तोंडी असते, त्यातला एक हिस्सा या न मोजलेल्या किलोमीटरचाही असतो.

चौकट : टायरवरचे आकडे वाचा

२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असं लिहिलं असेल, तर २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल बांधणी. १७ हा रिमचा व्यास इंचात. ९४ हा भारांक : एका टायरने ६७० किलो पेलावेत. ९१ असेल तर ६१५ किलो. डब्ल्यू ही वेगाची मर्यादा, ताशी २७० किलोमीटर; व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०.
माप बदलताना भारांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका.
बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ म्हणजे २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. "नवीन माल है" हे ऐकून न घेता हे आकडे स्वतः बघावेत.

साइडवॉलचं काम

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली कोंडलेली हवा पेलते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. ते बाजूला पडलं, आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉपने सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. पुढे रस्त्यावरची बहुतेक वाहनं हवेवर चालू लागली. चाक खड्ड्याच्या काठावर आदळतं तेव्हा पहिला धक्का शॉकअप घेत नाही, साइडवॉल घेते. ती दबते, बाहेर फुगते आणि परत जागेवर येते. गाडीतली ही पहिली स्प्रिंग, आणि तिची लांबी म्हणजे साइडवॉलची उंची. १०१ ऐवजी ९० मि.मी. झाली, तर दबायला जागा अकराने कमी.

हीच साइडवॉल वळणावर वेगळं काम करते. तुम्ही स्टेअरिंग फिरवलंत की आधी रिम वळते. रस्त्याला टेकलेला रबराचा भाग मात्र तिथेच चिकटून असतो. मधली साइडवॉल पिळवटते, आणि पीळ पुरेसा बसला की खालच्या रबराला ओढून घेते. तेव्हा गाडी वळते. हे सगळं क्षणाच्या अंशात घडतं, पण हाताला ते जाणवतं. उंच साइडवॉल जास्त पिळवटते, म्हणून गाडी वळायला आळस करते. बुटकी साइडवॉल ताठ असते, आणि हात हलला की गाडी हलते. मोठ्या रिमवर गेलेले लोक "गाडी रस्त्याला चिकटून चालते" म्हणतात ते यामुळे, आणि त्यांना जाणवलेलं अगदी खरं असतं. १९७० च्या दशकात पिरेलीने बुटक्या बाजूचा पी-७ टायर आधी रॅलीच्या गाड्यांसाठी आणि मग पोर्शच्या टर्बोसाठी दिला, तोही याच गुणासाठी.

फक्त एक गल्लत टाळायला हवी. गाडी चटकन वळते याचा अर्थ तिची पकड वाढली असा होत नाही.

पकड कुठून येते

चौदाशे किलोची गाडी धरू. एका चाकावर ३५० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर हवेच्या दाबाने भागून रस्त्याला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ निघतं : साधारण १५५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा. अशा चार तुकड्यांवर गाडी उभी असते, वळते आणि थांबते.

या हिशेबात रिमचा व्यास कुठेच आला नाही, टायरची रुंदीसुद्धा आली नाही. वजन आणि हवेचा दाब तेवढाच असेल, तर टायर रुंद केल्याने तुकड्याचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचा तुकडा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा. आडवा तुकडा वळणावर अधिक चांगला धरतो, म्हणून स्पोर्ट्स कारना रुंद टायर देतात. पण पकडीचा मोठा वाटा रबराच्या घडणीचा असतो. ते किती मऊ, त्यात सिलिका आणि काजळी किती, ते किती तापमानाला नरम पडतं, यावर ती ठरते. जुन्याच मापात उत्तम प्रतीचा टायर घातलात, तर ओल्या रस्त्यावर गाडी अलीकडे थांबते. मोठ्या रिमवर स्वस्त टायर घातलात, तर गाडी चटकन वळेल आणि तितक्याच चटकन घसरेलही. शिवाय उंच साइडवॉलचा टायर सुटण्याआधी हळूहळू सूचना देतो. बुटका टायर बरेचदा ती सवड देत नाही.

पावसाळ्यात रुंदीची दुसरी बाजू दिसते. टायरने पुढचं पाणी बाजूला सारलं नाही, तर तो पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टेअरिंग हलकं पडतं. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर याचा अभ्यास करून एक सूत्र दिलं. त्यात तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. गुळगुळीत टायरात ३२ पीएसआय हवा असेल तर साधारण ताशी ९४ किलोमीटरला, २५ पीएसआय असेल तर ८३ लाच टायर तरंगतो. नक्षीच्या खाचा पाण्याला वाट देतात म्हणून आपण वाचतो. रुंद टायरला बाजूला सारायचं पाणी जास्त असतं, त्यामुळे त्याच्या खाचा झिजल्या की धोका लवकर येतो.

वजन काठाकडे सरकतं

आता पिकअपकडे येऊ. जात्याचा खुंटा पाळीच्या कडेला ठोकलेला असतो. तो मधल्या खिळीजवळ असता, तर तेच दळण दळताना दंड भरून आले असते, कारण फिरवणारा हात मध्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त लागतो. गाडीत नेमकी ही अडचणीची स्थिती असते. इंजिन चाकाला मधून, आसाकडून फिरवतं आणि रस्ता त्याला काठाकडून अडवतो. काठ जितका लांब, तितका इंजिनाचा जोर कमी पडतो. वर सांगितलेल्या साडेसात टक्के मोठ्या चाकाने रस्त्यावरचा रेटा सुमारे सात टक्क्यांनी घटतो. गाडी उचलत नाही, चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो.

पण बाहेरचा व्यास तेवढाच ठेवला आणि फक्त रिम वाढवली तर? तरीही फरक पडतो, कारण वजनाची जागा बदलते. रिम वाढते तेव्हा जिथे आधी फक्त हवा होती तिथे धातू येतो, आणि तो येतो मध्यापासून लांब. फिरत्या वस्तूत काठावरचं वजन सर्वांत महाग पडतं. गाडीच्या डिकीतला एक किलो वेग घेताना एकाच किलोइतका भारी असतो. टायरच्या पृष्ठभागाजवळचा एक किलो मात्र पुढेही न्यायचा असतो आणि फिरवायचाही असतो, म्हणून तो जवळपास दोन किलोंइतका भारी पडतो. ब्रेक मारताना हाच हिशेब उलटा लागतो.

आणखी एक मुद्दा लोकांच्या ध्यानात कमी येतो. चाक, टायर, ब्रेकची डिस्क हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. गाडीचं बाकीचं वजन स्प्रिंगवर आरामात बसलेलं असतं, पण या खालच्या वजनाला प्रत्येक उंचवट्याबरोबर वर जावं लागतं आणि लगेच खाली यावं लागतं. चाक जड असेल तर ते वर उसळतं आणि रस्त्याला परत टेकायला वेळ लावतं. तेवढा वेळ पकड नसते. गुळगुळीत ट्रॅकवर हे कळणार नाही. ठिगळं लावलेल्या डांबरी वळणावर कळतं, तिथे गाडी कडेकडे पायरी-पायरीने सरकते.

म्हणून रिम घेताना इंचांआधी वजन विचारावं. ओतीव रिमपेक्षा घडीव रिम त्याच मजबुतीला हलकी बसते, आणि महागही असते. स्वस्त आणि मोठी रिम बहुधा जड असते, आणि दुकानात वजनकाटा मागितला तर तो कुठेतरी नक्की सापडतो.

मग मोठ्या रिम आल्या कुठून?

ब्रेकमुळे. १९६४ च्या पोर्श ९११ ला १५ इंची रिम आणि १६५ मि.मी. रुंद टायर होते. आजच्या ९११ जीटी-३ ला पुढे २० आणि मागे २१ इंची रिम असते. मधल्या साठ वर्षांत इंजिनांची ताकद कित्येक पट झाली. ती ताकद थांबवायला मोठी डिस्क लागते आणि डिस्क रिमच्या आत मावावी लागते. डिस्क वाढली म्हणून रिम वाढली, आणि रिम वाढली म्हणून टायर बुटका झाला. मूळ क्रम हा असा आहे.

बाजारातून आणलेल्या रिममध्ये हा क्रम उलटा होतो. रिम १८ ची आली, पण आतली डिस्क होती तेवढीच राहिली. मोठ्या आऱ्यांमधून ती आणखी लहान दिसते, आणि आता तिने थांबवायचं आहे आधीपेक्षा जड चाक.

फॉर्म्युला वनची गोष्ट इथे फार बोलकी आहे. जगातल्या अतिवेगवान शर्यतींपैकी या एकीत २०२१ पर्यंत १३ इंची रिम वापरत होते. नियमच तसा होता. त्या गाड्यांच्या जाडजूड साइडवॉल एवढ्या दबायच्या की निम्मं सस्पेन्शन टायरच सांभाळायचे. २०२२ पासून रिम १८ इंची झाली. शर्यतीतला टायर रस्त्यावरच्या गाड्यांच्या टायरसारखा असावा, असा त्यामागचा एक हेतू होता. पुढची डिस्क २७८ वरून ३३० मि.मी.पर्यंत वाढली. त्याच वर्षी गाडीचं किमान वजन ७५२ वरून ७९८ किलोवर गेलं आणि त्यात चाकांचाही वाटा होता. पुढे २०२६ च्या नियमांत रिम १८ ची ठेवून टायर पुन्हा अरुंद केले गेले, कारण तोवर गाड्या फार जड झाल्याचं सगळ्यांना जाणवलं होतं.

एकच गाडी, दोन चाकं

एवढं सगळं वाचूनही मोठी रिम चांगली की लहान, असा प्रश्न उरत असेल तर जागतिक रॅली स्पर्धेकडे बघावं. माझ्या मते या विषयातला सर्वांत निर्णायक पुरावा तिथे आहे.

या स्पर्धेत तीच गाडी, तोच चालक कधी डांबरी घाटांत धावतात, कधी खडी-मातीच्या जंगलवाटांवर. डांबरावर त्यांना २३५/४० मापाचा टायर १८ इंची रिमवर दिला जायचा. खडीवर २०५/६५ मापाचा, १५ इंची रिमवर. पुन्हा बेरीज करा. डांबराच्या चाकाचा एकूण व्यास ६४५ मि.मी. आणि खडीच्या चाकाचा ६४७. बाहेरून चाक तेवढंच! साइडवॉल मात्र एकीकडे ९४ मि.मी. आणि दुसरीकडे १३३.

हे शोभेसाठी केलेलं नाही. सेकंदाच्या दशांशासाठी झटणारे हे संघ आहेत, पैशाची ददात नसलेले. खडीवर १८ ची रिम वेगवान ठरली असती, तर त्यांनी तीच मागितली असती. डांबर गुळगुळीत आहे, म्हणून तिथे ताठ टायर आणि मोठी डिस्क फायद्याची. खडीवर दगड आहेत, म्हणून तिथे हवा फायद्याची. कोणती रिम चांगली हे गाडी ठरवत नाही, रस्ता ठरवतो.

भिलाईत हे तत्त्व आणखी एका टोकाला पोहोचलेलं दिसतं. आपल्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. त्या रुळावर धावणाऱ्या चाकाला रबर नसतं, हवा नसते, पोलादावर पोलाद फिरतं. रूळ एवढा सरळ आणि गुळगुळीत आहे म्हणूनच ते चालतं.

जुनवानी ते नागपूर

आता आपला रस्ता. भिलाईतल्या मराठी घरांना नागपूरची वाट नवी नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असं अडीचशेहून अधिक किलोमीटर जायचं. बराचसा रस्ता चारपदरी आणि वेगाचा. पण पुलांचे सांधे येतात, गावांजवळ रंग उडालेले गतिरोधक येतात, आणि पावसाळ्यात एका रात्रीत डांबर उखडून तयार झालेला खड्डा ताशी नव्वदच्या वेगात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

अशा खड्ड्यात बुटक्या टायरचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. खड्ड्याचा पुढचा काठ टायरवर आदळतो. साइडवॉल दबत दबत रिमच्या काठापर्यंत पोहोचते आणि एका बाजूने धातू, दुसऱ्या बाजूने डांबर अशी चिमट्यात सापडते. वरचं रबर सहसा फाटत नाही. आत पॉलिएस्टरचे उभे धागे असतात, ते तुटतात. दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने, त्या जागी लिंबाएवढा फुगा दिसतो. तिथे हवेला अडवणारे धागे उरलेले नसतात, फक्त रबर असतं. हा फुगा दुरुस्त होत नाही. तो दिसला की टायर बदलायचा, स्टेपनी लावून घरी यायचं. चिमटा जास्त जोराचा असेल तर रिमही जाते. लोखंडी रिम वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि आतल्या बाजूचा बारीक तडा धुतल्याशिवाय दिसत नाही. टायर उंच असता, तर बहुतेक वेळा तो रिमपर्यंत दबलाच नसता.

हवेचा दाब इथे फार महत्त्वाचा ठरतो. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब साधारण एक पीएसआयने बदलतो. डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा आणि मे महिन्यातल्या चव्वेचाळीस अंशांची दुपार यांत पाच-सहा पीएसआयचा फरक सहज पडतो. म्हणून हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी, घराजवळच्या पंपावर तपासावी. लांब चालवून आल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नये. बुटक्या टायरात हवा मुळातच थोडी, त्यामुळे दोन-तीन पीएसआय कमी असली तरी रिम खड्ड्याला टेकायची शक्यता वाढते.

बोल्टपर्यंत बघावं

मोठी रिम घ्यायचीच ठरली, तर माप जुळणं म्हणजे फक्त इंच जुळणं नव्हे. ऑक्टाव्हियाच्या चाकाला पाच बोल्ट असतात आणि ते ११२ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर बसतात; याला पीसीडी म्हणतात. मधलं भोक ५७.१ मि.मी.चं. बाजारातल्या रिमचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं. मधली फट भरायला कडं घातलं नाही, तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. मग गिऱ्हाईक बॅलन्सिंगसाठी फेऱ्या मारत राहतं.

बोल्टच्या टोकाकडेही बघा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बसायची जागा गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक रिमची शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत घट्ट आवळला जातो, पण तो फक्त एका बारीक कड्यावर टेकलेला असतो, आणि काही दिवसांनी सैल होतो. रिमसोबत तिच्या खाचेला जुळणारे बोल्ट घ्यायलाच हवेत. ते हवेच्या गनने कचकचून न आवळता टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

तिसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे चाक आत किती बसतं ते. रिमवर तो ईटी या अक्षरांपुढे लिहिलेला असतो. ईटी ५० च्या जागी ईटी ३५ लावलं, तर चाक १५ मि.मी. बाहेर येतं. गाडी रुंद आणि दणकट दिसते. पण बेअरिंगवरचा भार वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंगला हिसका बसतो, आणि मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो. दुकानात रिकाम्या गाडीवर तो घासत नाही, म्हणून तिथेच चार माणसं बसवून बघावं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेली मापं चालकाच्या दाराच्या खांबावर, पेट्रोलच्या झाकणामागे किंवा माहितीपुस्तिकेत छापलेली असतात. त्या यादीबाहेर गेलात, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. रिम बदललीत तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

माझं मत असं. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जी रिम दिली असेल, तिथपर्यंत एक इंच वाढवायला हरकत नाही. बाहेरचा व्यास तेवढाच राहिला पाहिजे, भारांक खाली जाता कामा नये, आणि नवी रिम जुनीपेक्षा जड नसावी. त्यापुढच्या इंचासाठी साठवलेले पैसे मूळ मापातल्या उत्तम टायरवर, चांगल्या ब्रेक पॅडवर आणि वेळच्या वेळी अलाइनमेंटवर घाला. गाडी त्याने जास्त धरेल आणि लवकर थांबेल. जुनवानी ते नागपूर या रस्त्यासाठी मला व्हीआरएस निवडायला सांगितली, तर मी १७ इंची रिम आणि १०१ मि.मी.ची साइडवॉल घेईन.